सतरा नंबरची बाटली

४ जानेवारी

प्रिय ताई,

फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तू पाकीट फोडायच्या आधीच म्हणाली असशील. आमच्या घरात फोन एकाच खोलीत आहे आणि त्या खोलीत तुमची धाकटीही असते. काही गोष्टी बायकोसमोर बहिणीशी बोलता येत नाहीत. म्हणून कार्यशाळेतल्या टेबलावर बसून लिहितोय. उत्तरही संग्रहालयाच्या पत्त्यावरच पाठव.

आमच्याकडे नव्या संचालकबाई आल्यात. आल्या आल्या त्यांनी जुन्या कपाटातली एक वही उघडली. शंभर वर्षांपूर्वी इथं आलेल्या पक्षी-प्राण्यांची कातडी कशी टिकवली, ते त्यात लिहिलंय. पेंढा भरण्याआधी कातड्याला आतून सोमलाचा साबण चोळत, म्हणजे तुमच्या भाषेत आर्सेनिक. आम्हाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. माझे गुरुजी म्हणायचे, सोमल जुना झाला की झोपतो. बाईंच्या मते तो अजून जागा आहे. तेव्हा आता आम्हा सातही जणांची लघवी तपासणार. ज्याचा आकडा वर जाईल त्याचं कार्यशाळेतलं काम बंद. तिकीट खिडकीवरची एक जागा रिकामी आहे, तिच्यावर बसायचं.

बाटल्या तुमच्याच लॅबमध्ये येणार आहेत. तू तिथं इतकी वर्षं आहेस, तेव्हा बघ काही. तेवीस वर्षं मी या टेबलावर पक्षी दुरुस्त केले, ताई. दुसरं मला काही येत नाही.

आणखी एक. धाकटीच्या तळपायांना ऑक्टोबरपासून मुंग्या येतात. मोज्यांत वाळू भरल्यासारखं वाटतं, म्हणते. आमच्या डॉक्टरांनी साखर तपासली, ती ठीक निघाली. अशक्तपणा म्हणाले, गोळ्या दिल्या. फरक शून्य. तुझ्या कानावर असावं म्हणून लिहिलं.

तुझा,
टिल्लू

११ जानेवारी

प्रिय टिल्लू,

"बघ काही" म्हणजे नक्की काय बघू? यंत्राला सांगू का, की हा माझा धाकटा भाऊ, सांभाळून घे? शेहेचाळीस वर्षांचा झालास तरी परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्या दारात उभं राहायची सवय काही गेली नाही. तुझ्या संग्रहालयाच्या बाटल्या येणार हे कळताच मी आमच्या प्रमुखांना सांगून टाकलं, की त्यात माझा भाऊ आहे. त्यामुळे तुमच्या बाटल्या यंत्रावर माझी सहकारी लावेल. मी फक्त शेवटी कागद तपासते.

आता नीट वाच. आधीचे चार दिवस मासे, कोळंबी, शिंपल्या काही खायचं नाही. त्यांत आर्सेनिकचा एक निरुपद्रवी प्रकार असतो आणि आकडा उगाच फुगतो. लघवी आठवड्याच्या शेवटच्या दिवशी द्यायची, घरी जाऊन, कामाचा कोट काढून, हात साबणानं धुऊन. बाटली आम्ही आम्लानं धुऊन पाठवतो, आत बोट घालू नकोस, झाकण टेबलावर उपडं ठेवू नकोस. आणि सुट्टीनंतर देऊन हुशारी करू नकोस. लघवी गेल्या चार-पाच दिवसांचंच सांगते, त्याआधीचं विसरून जाते.

सोबतच्या कागदावर "काम" असा रकाना आहे. तिथं हातानं जे जे करतोस ते सगळं लिही, घरातलंसुद्धा. बहुतेक लोक एक शब्द लिहून मोकळे होतात आणि मग आम्ही इथं डोकं खाजवत बसतो.

धाकटीचं दुखणं अंगावर काढू नका. मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवा.

ताई

२७ जानेवारी

प्रिय ताई,

काम फत्ते. बाटली दिली. माझा नंबर सतरा. तू नियम सांगशील, की नंबर कळवायचा नसतो, पण आता कळवला. माझी काळजी करू नकोस. माझा आकडा स्वच्छ येणार, पाहिजे तर लिहून घे.

परवा संचालकबाई कार्यशाळेत आल्या होत्या. मी नुकताच संपवलेला खंड्या त्यांनी उचलला, पोटावरची पिसं बाजूला केली आणि भिंगातून टाके पाहिले. असा टाका त्यांनी दोन-तीन ठिकाणीच पाहिलाय म्हणे. कोणाचा हात, म्हणून विचारलं. मी काय बोलणार, मान खाली घातली. बाकीचे सहा जण मला दिवसभर "हात, हात" म्हणून चिडवत होते. आता एवढ्यावरही मला खिडकीवर बसवलं तर काय म्हणायचं.

चष्म्याचा नंबर परत वाढला. वय झालं, दुसरं काय.

धाकटीच्या हातून दोनदा कप पडला. बोटांना आपण काय धरलंय ते कळत नाही म्हणते. तळहातही राठ झालेत, जागोजागी बारीक घट्टे आलेत. बस म्हटलं तर बसत नाही, सारखं काही ना काही हातात. मज्जातंतूंच्या डॉक्टरांची वेळ मार्चअखेरची मिळाली आहे.

तुझा,
टिल्लू

१० फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

हे पत्र मी नियम मोडून लिहितेय, आणि प्रमुखांना तसं सांगून लिहितेय.

आमच्या मापात साधारण माणसाचा आकडा वीसच्या आत असतो. पस्तीसच्या वर गेला की आम्ही डॉक्टरांना कळवतो. तुमच्यातल्या पाच जणांचे आकडे तिशीच्या आत आहेत, एकाचा एकेचाळीस. सतरा नंबरचा दोनशे दहा आहे.

मी सहकारिणीला पुन्हा लावायला सांगितलं. दोनशे सहा आला.

मला एकाच गोष्टीची आशा आहे. मासे खाल्लेस का? खाल्ले असशील तर स्पष्ट सांग, मी रागावणार नाही. उलट पेढे वाटीन. आत्ताचा हा आकडा सगळ्या प्रकारच्या आर्सेनिकचा मिळून आहे. दुसऱ्या यंत्रावर ते प्रकार वेगळे करता येतात, पण त्याची रांग मोठी आहे, तीन आठवडे लागतील. तू मासे खाल्ले असशील तर संचालकबाईंना कळवायला मी तोपर्यंत थांबायला सांगते. नसशील खाल्ले, तर लगेच कळवावं लागेल.

उलट टपाली लिही.

ताई

१६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोनशे दहा हे कसं शक्य आहे, मला कळत नाही. बाटलीची अदलाबदल तर झाली नाही ना? तुमच्याकडे शेकडो बाटल्या येत असतील, एखादी चिठ्ठी इकडची तिकडे होऊ शकते.

मासे म्हणशील, तर हो. आदल्या दिवशी संध्याकाळी खाल्ले होते, भरपूर. तू सांगितलेलं लक्षात राहिलं नाही. तेव्हा ते मासेच असणार. बाईंना एवढ्यात काही कळवू नका. उगाच सगळं संग्रहालय डोक्यावर घेतील.

मी ठणठणीत आहे. जेवतो, झोपतो, चालतो. धाकटी आता भिंतीला हात लावून चालते. तिचाच काय तो घोर आहे.

टिल्लू

३ मार्च

टिल्लू,

काल प्रकार वेगळे होऊन आले. माशातलं आर्सेनिक त्यात नावालाही नाही. जे आहे ते सगळं खरं विष आहे. तू मासे खाल्ले नव्हतेस. माझ्याशी खोटं का बोललास ते मी नंतर विचारीन. तीन आठवडे फुकट गेले, एवढं मात्र तुला सांगून ठेवते.

संचालकबाईंना आज कळवलं आहे. तू उद्यापासून कार्यशाळेत पाय ठेवायचा नाहीस. दोन आठवड्यांनी दुसरी बाटली द्यायची.

आता मला खरं सांग. तळपायांना मुंग्या येतात का? मोजे घातलेले नसताना घातल्यासारखे वाटतात का? हातातून वस्तू पडतात? तळहातांवर घट्टे आलेत? महिनोन् महिने हे विष थोडं थोडं पोटात गेलं की अशीच लक्षणं होतात. आणि श्वासापेक्षा तोंडावाटे जास्त जातं, हे लोकांना पटत नाही. टेबलावर बसून डबा खाणं, बोट ओलं करून पान उलटणं, असलं काही करतोस का, आठवून बघ.

मी हे रोज अनोळखी लोकांना लिहिते. तुला लिहिताना प्रत्येक ओळ दोनदा वाचतेय.

ताई

२४ मार्च

टिल्लू,

तीन आठवडे तुझं अक्षर नाही. फोन केला तर धाकटी म्हणते, ते बाहेर गेलेत. मला हवा असतोस तेव्हाच तू बरा बाहेर असतोस.

सतरा नंबरची दुसरी बाटली आली. आकडा एकोणतीस. विष बंद झालं की लघवीतला आकडा भराभर उतरतो, त्यामुळे त्याचं मला नवल नाही. नवल दुसऱ्याच गोष्टीचं आहे. लघवी किती पातळ, किती दाट ते कळावं म्हणून आम्ही तिच्यातलं क्रिएटिनिन मोजतो. ते स्नायूंमधून येतं, म्हणून धडधाकट पुरुषाचं जास्त, लहानखुऱ्या बाईचं कमी. पहिल्या बाटलीत ते अठ्ठेचाळीस होतं, दुसऱ्यात एकशे नव्वद. पाणी कमी-जास्त प्यायल्यानंही एवढा फरक पडतो, मान्य. पण शरीर या विषाचं रूप पालटून ते बाहेर टाकतं, आणि किती पालटायचं याचं प्रमाण ज्याचं त्याचं ठरलेलं असतं. तेही दोन बाटल्यांत जुळत नाही.

एवढ्यावरून मी शपथेवर काही सांगणार नाही. पण काल तुझी जानेवारीपासूनची पत्रं काढून एका बैठकीत वाचली. मी तुला विचारलेली सगळी लक्षणं त्यांत आधीच लिहिलेली होती. मुंग्या, वाळू, कप, घट्टे. तूच लिहिली होतीस. फक्त ती तुझी नव्हती.

पहिली बाटली कोणाची होती?

ताई

२९ मार्च

ती. वन्सं यांस सा. न.

तुमचं चोवीस तारखेचं पत्र माझ्या हाती पडलं. हे कामावर जात नाहीत म्हणून संग्रहालयाचा पहारेकरी ते घरी देऊन गेला. तुमचं अक्षर दिसलं, मला वाटलं दोघांना असेल, म्हणून फोडलं. दुसऱ्याचं पत्र वाचल्याबद्दल क्षमा करा. अक्षर वाईट आहे, पेन बोटांत राहत नाही.

पहिली बाटली माझी होती.

हे म्हणाले, तू कधी कार्यशाळेत आली नाहीस, तुझी स्वच्छ असणार, एवढं एक काम कर. मला ते बरं वाटलं नव्हतं. पण खिडकीवर बसायच्या कल्पनेनं हे जेवत नव्हते, म्हणून दिली.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी आणखी एक सांगते. दोन वर्षं झाली, यांना जवळचं बारीक दिसत नाही. सुईत दोरा जात नाही. तेव्हापासून हे पक्षी पिशवीतून घरी आणतात आणि मी शिवते. नियमात बसत नाही, म्हणून कोणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. खिडकीजवळच्या टेबलावर बसून शिवायचे. कातडं आतून उलटं करून टाके घालायचे, म्हणजे बाहेरून दिसत नाहीत. दोरा मऊ राहावा म्हणून ओठांत धरायचे. माझ्या आईनं मला असंच शिकवलं.

विष तिथून आलं का, वन्सं?

मार्चच्या सुरुवातीला यांनी एकदम पक्षी आणणं बंद केलं. सुयांचा डबा फेकून दिला. टेबल साबणानं घासलं. कारण विचारलं तर बोलत नव्हते. बोटं बधिर झाल्यापासून माझा टाका मोठा पडायला लागला होता. मला वाटलं, त्यावरून यांना वरिष्ठांची बोलणी बसली असतील आणि मला वाईट वाटू नये म्हणून हे गप्प असतील. म्हणून शेजारणीकडून सुई मागून आणली आणि हे बाहेर गेले की जुन्या चादरीवर टाक्यांचा सराव करत होते. वीस दिवस केला. काल तुमचं पत्र वाचलं तेव्हा चादर घडी घालून ठेवली.

तुमची,
धाकटी

२ एप्रिल

प्रिय धाकटी,

हो. तिथूनच आलं. साबण कातड्याच्या आतल्या बाजूला चोळलेला असतो आणि तू आतली बाजूच हातात धरत होतीस. दोरा आधी कातड्यातून जायचा आणि मग तुझ्या ओठांत.

यात तुझी काडीचीही चूक नाही, हे आधी डोक्यात पक्कं कर. आणि तुझा टाका मोठा पडला असेल तर बोटांमुळे. टाका कसा होता ते संचालकबाईंनी भिंगातून पाहून सांगितलंय. ते तुझ्यापर्यंत पोचलं नसेल, म्हणून मी पोचवते. असा हात त्यांनी दोन-तीन ठिकाणीच पाहिलाय.

मार्चअखेरची तिथली वेळ बहुतेक हुकली असेल. हुकू दे. तू इकडे निघून ये. आमच्या ओळखीचे डॉक्टर आहेत, माझ्या घरी राहा. सोबत एक बाटली पाठवतेय. ती येण्याच्या दिवशी भर. तिच्यावर तुझं नाव मी स्वतः लिहिलं आहे.

हे पत्र टिल्लूला वाचायला दे. त्याला वेगळं लिहायची माझी तयारी नाही.

वन्सं

९ एप्रिल

ताई,

तिला बसमध्ये बसवून आलो. पायरी चढताना पाऊल कुठं पडतंय ते तिला बघावं लागत होतं. मी हात दिला, तो तिनं घेतला.

सांगायला आता उरलंय काय, पण सांगतो. खंड्याचा टाका तिचा. दोन वर्षांतला प्रत्येक टाका तिचा. बाईंनी विचारलं तेव्हा मी मान खाली घातली आणि तुला ते विनय म्हणून लिहून पाठवलं. बाटली तिची. मासे खोटे. घरी आणायच्या आधी मी पक्षी ब्रशनं झाडायचो, ते स्वच्छ झाले असं धरून चाललो होतो. तेवीस वर्षांत विष म्हणजे पिसांवरची धूळ एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती कातडं उलटं करायची, हे मी रोज समोर बसून पाहिलं.

तुझं तीन मार्चचं पत्र आलं त्या दिवशी सगळं समजलं. लक्षणं वाचत गेलो आणि प्रत्येक ओळीला तीच दिसत गेली. त्याच संध्याकाळी सुया फेकल्या. वाटलं, मूळ तुटलं, आता ती आपोआप बरी होईल आणि कोणाला काही कळायचंही नाही. दुसरी बाटली माझी स्वतःची भरली, ती एवढ्याचसाठी, की निदान पुढचं तरी खरं असावं. ती मात्र इकडे चादरीवर टाके घालत होती. तुझं पत्र वाचायला दिलं तेव्हा तिनं ते सांगितलं.

मला शिव्या दे. दिल्यास तर बरं वाटेल.

टिल्लू

२१ एप्रिल

टिल्लू,

शिव्या द्यायला मला वेळ नाही. मुद्द्याचं लिहिते.

धाकटीची नवी बाटली तपासली. आकडा चौदा. कुठल्याही साधारण माणसासारखाच. सुया फेकल्याला महिना उलटून गेला होता, लघवी सगळं विसरून गेली. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, आर्सेनिक तर नाही, मज्जातंतूंचं दुसरं काही असेल, त्या दिशेनं तपासू. मी म्हटलं, नखं तपासा. पण तिनं दोन वर्षं ती कातडी बोटांनी हाताळली आहेत. नखातलं विष आतून आलं की बाहेरून बसलं, ते वेगळं करून सांगता येत नाही. डॉक्टरांचं बरोबर आहे. त्यांना तिच्या शरीरातून बाहेर आलेल्या विषाचा पुरावा हवा.

असा पुरावा जगात एकच आहे. जानेवारीतली सतरा नंबरची बाटली. तिच्यातली उरलेली लघवी आमच्या फ्रीझरमध्ये गोठवून ठेवली आहे. आणि तिच्या कागदावर तुझं नाव आहे.

तो मूळ कागद सोबत पाठवतेय. आमच्याकडे चुकीची नोंद खोडरबरानं पुसत नाहीत, गिरवत नाहीत, कागद बदलत नाहीत. चुकीवर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. वर खरं लिहायचं, सही करायची, तारीख घालायची, आणि कारण लिहायचं. ते तुलाच करावं लागेल, आणि संचालकबाईंच्या समोर. त्यांचीही सही लागेल. म्हणजे पक्षी घरी नेत होतास, हे त्यांना कळणार. तुझी कार्यशाळा मग कायमची गेली, हे मलाही दिसतंय.

आठ दिवसांत कागद आला नाही तर डॉक्टर दुसऱ्या आजाराची औषधं सुरू करतील. धाकटीनं तुला काहीही सांगू नको म्हटलंय. तिला तुझ्यावर जबरदस्ती नको आहे. मी तिचं ऐकलं नाही.

ताई

२५ एप्रिल

ताई,

कागद सोबत आहे.

पत्र मिळालं त्याच दिवशी बाईंकडे गेलो. उभ्यानंच सांगितलं. शेवटी त्यांनी खंड्या मागवून घेतला, टेबलावर ठेवला आणि पोटावरचे टाके पुन्हा भिंगातून पाहिले. मग म्हणाल्या, "त्या कशा आहेत?" मला म्हणून काही विचारलं नाही. सही केली. सोमवारपासून मी तिकीट खिडकीवर बसतो. माझं टेबल उचलून नेलं, अवजारं पिशव्यांत सील केली. आमच्या घरातलं टेबलही तपासायला नेलंय.

माझ्या नावावर रेघ मारताना पट्टी वापरली. वर तिचं नाव लिहिलं. कारणाच्या जागी लिहिलं, "नोकरी वाचवण्यासाठी पत्नीची लघवी माझी म्हणून दिली." बाईंनी ते मला मोठ्यानं वाचायला लावलं.

"काम" या रकान्यात मी जानेवारीत "प्राण्यांची दुरुस्ती" असं लिहिलं होतं. त्यावरही रेघ मारली आहे. वरची जागा मोकळी सोडली आहे. तिथं तिनं लिहावं. माझ्या हातानं तिचं काम मी आता लिहीत नाही, दोन वर्षं माझ्या नावावर लिहिलं.

ती मला क्षमा करेल का, ते तू विचारशील का?

टिल्लू

१८ जुलै

प्रिय टिल्लू,

उत्तर द्यायला तीन महिने घेतले, कारण अर्धवट काही लिहायचं नव्हतं.

तुझा कागद सातव्या दिवशी पोचला. डॉक्टरांनी तो वाचला, मी गोठवलेली बाटली पुन्हा लावून घेतली, दोनशे आठ आला. त्यानंतर त्यांनी शंका घेतली नाही. दुसरी औषधं सुरू झाली नाहीत. जे करायचं ते सुरू झालं. मुंग्या गुडघ्यापर्यंत चढत आल्या होत्या, त्या आता घोट्याखाली उतरल्यात. हातांत जोर येतोय, कप धरते. उजवा पाय बरा होईल. डाव्याचं डॉक्टर काही बोलत नाहीत, आणि मी त्यांना ओळखते. नोव्हेंबरात किंवा डिसेंबरात कळलं असतं तर चित्र वेगळं असतं. फेब्रुवारीतसुद्धा थोडं वेगळं असतं. हे मी तुला टोचायला लिहीत नाही. विचारलंस तर खोटं सांगता येणार नाही, म्हणून आधीच लिहिते.

पुढच्या रविवारी ती घरी यायचं म्हणतेय. मी राहा म्हटलं होतं. म्हणाली, "त्यांना डबा भरून द्यायला कोण आहे? खिडकीवर बसणाऱ्यालाही भूक लागते." यावरून काय समजायचं ते तू समज. क्षमेचं मी तिला विचारलेलं नाही. ते माझ्यामार्फत विचारायचं नसतं. समोर बसून विचार, आणि ती गप्प बसली तर तूही गप्प बस.

कागद आला त्या दिवशी तो मी तिच्यापुढं ठेवला. पेन बोटांत राहीना, म्हणून तिनं ते मुठीत धरलं. मी लिहून देते म्हटलं, तर मान हलवून नाही म्हणाली. दोन शब्द लिहायला तिला बराच वेळ लागला. अक्षरं रकान्याच्या बाहेर गेली आहेत, पण वाचता येतात.

"पक्षी शिवते."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आता शिवत नाही. शिवत होते असं लिहायला हवं होतं का, वन्सं? खोडू?" मी म्हटलं, राहू दे.

कागद फाईलला लावला आहे. तुझं नाव त्या एका रेघेखाली स्पष्ट दिसतं, आणि वर तिचं. आमच्याकडे असे कागद तीस वर्षं ठेवतात.

रविवारी बसस्टँडवर वेळेवर ये. पायरी उतरताना तिला खाली बघावं लागतं. तिनं मागितल्यावर हात दे.

ताई